मौलानांचा कोरा चहा

दरवर्षी ११ नोव्हेंबरला आपल्या शाळांमध्ये मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या तसबिरीला हार घातला जातो. २००८ पासून हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळतात. मुले भाषणे पाठ करून येतात. देशाचे पहिले शिक्षणमंत्री, जन्म मक्केत, दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष, भारतरत्न. पाच मिनिटांत मौलाना संपतात आणि मुले खाऊच्या रांगेत उभी राहतात. उर्दू माध्यमाच्या मुलांचीही हीच गत आणि मराठी माध्यमाच्या मुलांचीही. मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून खात्रीने सांगतो.

या भाषणांमध्ये कधीच न येणारे एक मौलाना आहेत. ते पहाटे तीन-चार वाजता उठतात, स्वतःच्या हाताने चहा करतात आणि त्या चहाविषयी मित्राला लांबलचक पत्र लिहितात. हे मौलाना भेटतात त्यांच्या 'गुबार-ए-खातिर' या पुस्तकात. उर्दू गद्यातले हे मानाचे पुस्तक आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या किल्ल्यात लिहिले गेले. आज त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात. उर्दू वाचणाऱ्यांना त्यातले चहाचे पत्र चांगलेच ठाऊक असते. मराठी वाचकाला मात्र आपल्याच मातीत लिहिलेल्या या पत्राचा पत्ता बहुधा नसतो.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना होते. ९ तारखेच्या पहाटे सगळ्यांना उचलले आणि खास रेल्वेगाडीत बसवले. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेले. मौलाना, नेहरू, पटेल, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव वगैरे कार्यकारिणीच्या बारा जणांना पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात कोंडले. हा किल्ला म्हणजे चांदबिबीने मोगलांना रोखून धरले तोच. मौलानांना त्या इतिहासाची इतकी गोडी, की जेलच्या सुपरिटेंडेंटला त्यांनी त्याच काळातल्या किल्लेदाराचे नाव बहाल केले, 'चीताखान'. पुढे सगळेच कैदी त्याला त्या नावाने ओळखू लागले.

नेहरूंनी तिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. मौलानांनी अलिगढकडच्या भीकमपूरचे आपले विद्वान मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. पत्रे पाठवण्याची सोय नव्हती. ती लिहून वहीत ठेवायची, एवढेच. १९४६ मध्ये त्यांचे पुस्तक झाले.

त्यातले चहाचे पत्र म्हणजे शौकीन माणसाचे बोलणे आहे. मौलाना चिनी चहा पीत, चमेलीच्या फुलांचा वास दिलेला. त्याचे नाव 'व्हाइट जास्मिन'. दूध नाही. लहान फिंजानमध्ये, घोट घोट, बरोबर सिगारेट. (सिगारेटचा भाग मुलांना सांगू नये, पण इतिहास लपवूही नये.) साखर स्वच्छ, पारदर्शक हवी, म्हणजे चहाचा रंग मळत नाही. दूध-साखरेत उकळलेल्या चहाला ते चहा मानायलाच तयार नाहीत. त्याला ते सरळ मिठायांच्या पंगतीत नेऊन बसवतात. आसाम आणि सिलोनच्या पत्तीलाही त्यांच्या लेखी चहाचा दर्जा नाही. चहा म्हणजे चीनचा, बाकी सगळी नक्कल.

किल्ल्यातल्या सोबत्यांवरही ते मिश्कीलपणे लिहितात. नेहरू बिनदुधाचा चहा पितात हे खरे, पण त्यांची झेप दार्जिलिंगच्या नेहमीच्या प्रकारांपलीकडे जात नाही. शिवाय नेहरूंना गोडाची आवड, अगदी गुळाचीसुद्धा. ती गुळाची गोडी मौलानांना काही केल्या कळत नाही. वाचताना हसू येते. ज्या सरकारने यांना भिंतीआड टाकले होते, त्याच्या फायलीत हे लोक साम्राज्याचे शत्रू होते. आत हे शत्रू गुळावरून वाद घालत होते.

आता त्याच गाडीतून उतरलेल्या दुसऱ्या कैद्याकडे वळू. आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी त्याच वर्षी ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये 'आरोग्याची किल्ली' हे छोटे पुस्तक लिहिले. त्यात चहा, कॉफी, कोको यांच्यावर एक प्रकरण आहे. गांधीजी म्हणतात, शरीराला यातल्या कशाचीच गरज नाही. पण पुढे ते चीनची गोष्ट सांगतात. तिथे पाण्याचा भरवसा नसल्यामुळे ते उकळून प्यावे लागे, आणि पाणी खरोखर उकळले की नाही याची परीक्षा चहाच्या पानाने होई. थोड्या पानांवर उकळते पाणी ओतून हलका सोनेरी रंग आलेला चहा निरुपद्रवी आहे, असे ते मान्य करतात. त्यांचा राग आहे तो पाने खळाखळा उकळून त्यातला तुरट अर्क काढण्यावर.

म्हणजे एक फकिरी वृत्तीचा आणि एक शौकीन, एक चहा नको म्हणणारा आणि एक चहावाचून पहाट न होणारा. तरी दोघांचे एका गोष्टीवर एकमत: पत्ती उकळू नका. सेवाग्राम आमच्या कळंबपासून लांब नाही. २०२४ पासून कळंबहून वर्ध्याला रेल्वेही जाते. पण या दोन थोर माणसांचे एकमत ना वर्ध्याच्या स्टेशनावर कोणी ऐकले, ना कळंबच्या बसस्टँडवर. इथे पातेले सकाळी चढते ते रात्रीच उतरते. आले, वेलची, भरपूर साखर, दूध आणि बारीक दाणेदार पत्ती. लोकांनी दोघांचेही का ऐकले नाही, हे समजून घ्यायचे तर चहाचा प्रवास पाहावा लागतो.

चहाची नोंद मुसलमानांच्या वाङ्मयात फार जुनी आहे. ८५१ सालच्या एका अरबी वृत्तांतात चीनच्या राजाच्या उत्पन्नाची दोन मोठी साधने सांगितली आहेत, एक मीठ आणि दुसरे गरम पाण्यात घालून पिण्याचे एक कडवट पान. जमिनीच्या वाटेने 'चा' इराणात गेला आणि 'चाय' झाला, अरबांकडे 'शाय' झाला. आपला 'चहा' आणि उर्दूचा 'चाय' ही एकाच घरची लेकरे. इंग्रजांचा 'टी' मात्र चीनच्या फूच्येन किनाऱ्यावरच्या बोलीतल्या 'ते'वरून, डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून गेलेला.

पश्चिम भारतात चहा इंग्रजी राज्याच्या आधीच पोचला होता. १६८९ मध्ये सुरतेला आलेला जॉन ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री लिहून ठेवतो, की तिथले बनिये चहात गरम मसाले घालतात, कोणी खडीसाखर घेतात, तर हौशी लोक मुरवलेली छोटी लिंबे घालतात. डोकेदुखीवर आणि पोटाच्या तक्रारींवर तो औषध म्हणून घेतला जाई. म्हणजे मसाला चहा हे कालपरवाचे फॅड नाही. शिवाजी महाराजांच्या निधनानंतर अवघ्या नऊ वर्षांनी तो सुरतेत प्यायला जात होता.

पुढची कहाणी कडू आहे. इंग्रजांना चीनचा चहा हवा, चीनला चांदीशिवाय फारसे काही नको. मग कंपनीने चीनमध्ये अफू ओतली. बंगालची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबईहून जाऊ लागली. या व्यापारात मुंबईत ज्यांनी गडगंज कमावले त्यांत जमशेदजी जीजीभॉय हे पारशी शेठ आघाडीवर होते, आणि त्यांचे एक भागीदार होते कोकणी मुसलमान महंमद अली रोगे. आपल्या समाजाच्या जुन्या सावकारीचा अभिमान बाळगताना त्या पैशाला कशाचा वास होता, हेही लक्षात ठेवावे. पहिले अफूचे युद्ध १८४२ मध्ये संपले. मौलाना चिनी चहाची तारीफ लिहायला बसले त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी.

चीनवर अवलंबून राहायला नको म्हणून इंग्रजांनी आसामात मळे लावले. तिथे चहाचे झाड रानात होतेच. सिंगफो आदिवासी त्याची पाने वापरत होते. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला ते दिसले, १८३८ मध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या आठ पेट्या लंडनला रवाना झाल्या. पुढे छोटा नागपूरकडून हजारो आदिवासी मजूर करारावर नेले गेले. करार मोडून पळणाऱ्या मजुराला स्वतः पकडण्याचा अधिकार कायद्यानेच मळेवाल्यांना दिला होता. हा सगळा चहा निघाला होता विलायतेसाठी. हिंदुस्थानी माणूस तेव्हा गिऱ्हाईक म्हणून कोणाच्या हिशेबातच नव्हता.

तो हिशेबात आला विसाव्या शतकात. १९०३ मध्ये चहावर उपकर बसवून जाहिरातीसाठी पैसा उभा केला गेला. १९२९ नंतरच्या मंदीत परदेशात मागणी पडली, गोदामे भरली, तेव्हा इथल्या बाजाराकडे खरे लक्ष गेले. स्टेशनांवर पाट्या लागल्या, गिरण्यांत चहाच्या टपऱ्या उघडल्या, गावच्या बाजारात मोटारी येऊन फुकट चहा वाटू लागल्या. त्या पाट्यांवर कृतीही असे: किटली आधी गरम करा, पत्तीवर उकळते पाणी ओता, थोडी मिनिटे झाकून ठेवा, मग वेगळे दूध घाला.

चहावाल्याने पाटी वाचली आणि पातेले चुलीवर ठेवले. पत्ती महाग होती. ती भिजवून फेकण्याऐवजी उकळली तर कमी लागते. दूध आणि साखर घातली तर राबणाऱ्या माणसाच्या पोटाला आधार होतो. आले-वेलची घातली की हलकी पत्तीही खपते. मळेवाल्यांच्या प्रचारकांना हे मुळीच आवडले नाही, कारण दूध आणि मसाला वाढला की पत्तीचा खप घटतो. त्यांनी टोकून पाहिले, कोणी ऐकले नाही. पुढे सीटीसी आली. १९३० च्या सुमारास आसामात निघालेल्या एका यंत्राची ही पद्धत. पान चिरडून, फाडून, गुंडाळून त्याचे बारीक दाणे करायचे. स्वातंत्र्यानंतर ती देशभर पसरली. हे दाणे दुधात झटकन रंग सोडतात आणि थोड्या पत्तीत अनेक कप निघतात. आपल्या गल्लीतल्या चहाची चव इथे पक्की झाली.

म्हणून मौलानांशी नम्रपणे वाद घालावासा वाटतो. चहात दूध घालण्याचे खापर ते इंग्रजांवर फोडतात. वेगळे दूध ओतणे ही इंग्रजांची रीत हे खरे. पण ज्या गोड, दाट, उकळलेल्या चहाची ते टर उडवतात, तो इंग्रजांनी शिकवलेला नाही. तो त्यांच्या पाटीवरची कृती मोडून आपल्या टपरीवाल्याने घडवला आहे. आणि आसामचे झाड नकली नाही, ते चिनी चहाचीच एक जात आहे. पण मौलानांचा मुद्दा मला वेगळ्या अर्थाने पटतो. त्या काळात बाजार एकच चव सगळ्यांच्या गळ्यात उतरवत होता, तेव्हा हा माणूस म्हणत होता, मी माझी चव शोधून ठरवीन. टपरीवाल्यानेही तेच केले, फक्त दुसऱ्या टोकाने.

चहा कसा करायचा यापेक्षा आपल्या देशात जास्त भांडण झाले ते तो कोणाच्या हातचा प्यायचा यावर. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी जमली. चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता हात लावला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे छापून आणली आणि गहजब झाला. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेले, शेवटी प्रायश्चित्ताच्या गोष्टी झाल्या. पाद्र्याच्या घरच्या एका कपाने पुणे दोन वर्षे ढवळून निघाले.

पुढे रेल्वे स्टेशनांवर 'हिंदू चाय', 'मुस्लिम चाय' अशा आरोळ्या घुमत. पाणी वेगळे, चहा वेगळा, पत्ती मात्र एकाच मळ्यातली. खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांची कपबशी बाहेर वेगळी ठेवलेली असे. पिणाऱ्यानेच ती धुवून परत ठेवायची. घटनेच्या १५ व्या कलमात दुकाने, हॉटेले आणि उपाहारगृहे यांचा जो उल्लेख आहे, त्यामागे या कपबशीचा अपमान आहे. १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली, १९५५ मध्ये तिला गुन्हा ठरवणारा कायदा आला.

या काळात इराण्यांच्या हॉटेलांनी एक मोलाचे काम केले. मुंबईचे कयानी १९०४ चे, पुण्याचे गुडलक १९३५ चे. या हॉटेलांत संगमरवरी टेबलावर कोण कोणाशेजारी बसले, हे इराण्याने विचारले नाही. पैसे दिले की ब्रून-मस्का आणि चहा समोर. अनेकांनी परजातीच्या माणसाशेजारी बसून पहिला घोट घेतला तो अशा ठिकाणी.

आपण मुसलमान इथे पटकन पाठ थोपटून घेतो, की आमच्याकडे एकाच ताटात जेवतात, उष्ट्याचा विटाळ नाही. मजहबची शिकवण तशी आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण गटार साफ करायला आलेल्या माणसाला आपल्या मोहल्ल्यात कोणत्या ग्लासातून चहा मिळतो, हे एकदा प्रत्येकाने आपल्या दारात बघावे. तडा गेलेला कप कोणासाठी राखून ठेवलेला असतो? इतिहास नेहमी दुसऱ्याच्याच अंगणात घडलेला नसतो.

आणि आता कोरा चहा. मौलानांनी बिनदुधाचा चहा आवडीने निवडला. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोरा चहा हा शब्द आवडीचा नाही, अडचणीचा आहे. घरी दूध नसते, पाहुणा आलेला असतो, मग बाई ओशाळून म्हणते, "कोराच आहे जी." कापूस वेचायला जाणाऱ्या बायका पहाटे कोरा चहा पिऊनच निघतात. साखर नसली तर गूळ. मौलानांना न कळलेली गुळाची गोडी या बायकांना चांगली कळते, कारण ती कळल्याशिवाय दिवस काढता येत नाही. एकच पेय एका हातात रसिकता होते आणि दुसऱ्या हातात गरिबी. मौलानांचे पत्र वाचून दुधाच्या चहाला नाक मुरडणाऱ्या उर्दूवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. दुधाचा गोड चहा ही आमच्याकडे अनेक घरांत अजून खुशालीची खूण आहे. तिला अडाणीपणा म्हणायचा हक्क कोणाला नाही.

तरीही मी ते पत्र मुलांना सांगतो. कारण त्याच पुस्तकात एप्रिल १९४३ चे पत्रही आहे. मौलानांच्या बेगम, जुलेखा, कलकत्त्यात आजारी होत्या. सरकारकडे अर्ज केला असता तर भेटीची वाट कदाचित निघाली असती. मौलानांनी अर्ज केला नाही. ९ एप्रिलला बेगम गेल्या. मौलाना लिहितात, की त्या दिवसांत आतून सगळे हलले होते तरी रोजचा क्रम मोडू द्यायचा नाही, हे त्यांनी ठरवले होते. वेळेवर जेवणाच्या टेबलावर जायचे, वर्तमानपत्र शांतपणे वाचायचे. हे पत्र वाचल्यावर चहाच्या पत्राचा अर्थ बदलतो. सरकारने त्यांची वाट, डाक, घर, बायकोची शेवटची भेट, सगळे हातात ठेवले होते. पहाटेचा फिंजान कसा भरायचा, एवढेच त्यांच्या हातात उरले होते, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. त्याला मी नुसता शौक म्हणणार नाही.

आपल्यावर तसा कैदखाना नाही. चमेलीचा चहा आज मोठ्या शहरांतल्या दुकानांत मिळतो, दार्जिलिंग आणि निलगिरीची पाने घरपोच येतात. ज्याला परवडेल त्याने थोडे थोडे आणून चाखून पाहावे. पाण्याला उकळी आली की गॅस बंद करावा. काळ्या पानांना तीन-चार मिनिटे पुरतात. चमेलीच्या किंवा हिरव्या पानांसाठी पाणी जरा निवू द्यावे आणि दोन मिनिटांत गाळून घ्यावे, नाहीतर कडू होतो. आधी साखर न घालता एक घोट घ्यावा. चमेलीचा चहा मला पहिल्यांदा अत्तर प्यायल्यासारखा वाटला. मौलानांची माफी मागून सांगतो, अजूनही तसाच वाटतो. मला मानवला तो निलगिरीच्या पानांचा, लिंबू पिळून. आमच्या घरात बाकी सगळे आल्याच्या उकळलेल्या चहावर कायम आहेत आणि त्यांचे मत बदलायचा माझा काही इरादा नाही.

चवीचे एवढेच शास्त्र मला पटते. आपला कप आपण शोधावा, दुसऱ्याच्या कपाला नावे ठेवू नयेत, आणि दारात आलेल्या कोणासाठीही वेगळा कप ठेवू नये. यातली पहिली गोष्ट मौलानांकडून शिकता येते. दुसरी शिकायला त्यांच्याशी थोडे भांडावे लागते. तिसरी घटनेत लिहिलेली आहे, आणि ती घटना ज्या सभेत बसून लिहिली गेली, त्या सभेत मौलानाही होते.